लवकर थांबलेलं रक्त

परतूर, ३ डिसेंबर १९९८

सकाळी दाढी करताना ह्यांना कापलं. मी कापूस आणेपर्यंत रक्त थांबलंसुद्धा. इतक्या जल्दी? ह्यांना बीपी आहे; रक्तातल्या प्लेटलेट चिकटून गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिलीय. ती सुरू केली तेव्हा असंच कापलं, तर रक्त थांबेचना, टॉवेल लाल झाल्ता. मंग आज?

दिवसभर तेच डोक्यात. आत्ता जेवताना विचारलंच, "गोळी बंद केली ना?"

"कधीचीच. तो टॉवेल पाहून तू त्या दिवशी जेवलीच न्हाई."

माझ्यासाठी? रागावू तरी कसं. समोर बसून गोळी घ्यायला लावली.

कापूस अजून कोराच, आरशापाशी. राहू दे तिथंच. पुढल्या वेळी कापलं की रक्त वाहू दे. मी कापूस धरून शेजारी बसेन, आणि नंतर जेवेनसुद्धा.