विहिरीतून आणलेला दगड

आबा, ठण्ण. पहार काळ्या दगडावर पडली की विहिरीच्या तळातून असा आवाज वर यायचा, आणि काठावर पालथा पडून मी ओरडायचो, "पाणी लागलं का वो?" तुम्ही खालूनच हसायचात. "ठण्ण वाजतंय तवर कसलं पाणी? बद्द वाजू दे की!" मग कधीतरी पहार बद्द वाजायची. तुम्ही हात थांबवून दगडाला कान लावायचात. शाळेत गुरुजी चालीवर कविता म्हणायचे तेव्हा मीही असाच कान देऊन बसायचो.

आज हे आठवायचं कारण तुमची नात. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. माळशिरसकडच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवते, आणि चाळिशीत पुन्हा शिकायला लागलीय. भूविज्ञान, पदव्युत्तर, तेही घरबसल्या लॅपटॉपवर. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठीच तो अभ्यासक्रम आहे. दिवाळीत माझ्याकडे शुक्रवार पेठेत आली होती, तेव्हा लॅपटॉप डब्यांना टेकवून भाकरी थापता थापता तिचा तास चालला होता. पडद्यावरचे सर सांगत होते, आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे निवालेला लाव्हा. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि स्फटिक धरले. मी लसूण सोलत होतो. हात थांबला.

तास संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, प्रकल्प दिलाय. आपल्या भागातले जमिनीचे थर लिहायचेत, आणि ते हातानं खणून ओळखणाऱ्या एखाद्या माणसाची माहिती. तुमच्या गावी विहिरी खणणारं होतं का कुणी?"

"नाही," मी म्हणालो. "आपली शेती होती."

"झालं! मग आता कुठं शोधू? हा प्रकल्प राहिला तर वर्ष गेलं माझं."

तुम्हाला नाकारायची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तर तुम्ही समोरच होतात. मी सोलापुरात वसतिगृहात शिकत होतो. पायरीवर उभा राहून मुलांना कविता म्हणून दाखवत असताना तुम्ही न कळवता आलात, धोतराला मुरमाची माती, हातात फडक्याचं गाठोडं. कुणीतरी विचारलं, "कोण रे हा?" मी म्हणालो, "आमच्या शेतावरचा गडी." तुम्ही ऐकलंत. मग मान लववून म्हणालात, "व्हय. धाकल्या मालकांना द्यायला सांगितलंय." गाठोड्यात दगड होता, बाहेरून काळा, फुटल्या जागी आत पांढऱ्या सुया, फूल उमलावं तशा. जाताना हळूच बोललात, "हिरीत घावलं. कवितेत घाला, मालक."

जन्मात तुम्ही मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मुस्काटात मारली असतीत तर मी रडून मोकळा झालो असतो. तुम्ही माझं खोटं नीट उचलून धरलंत आणि एसटी स्टँडकडे चालत गेलात. पाणी प्यालात का, जेवलात का, मी विचारलंही नाही. सुट्टी लागायच्या आधीच निरोप आला, विहिरीत दरड कोसळली, तुम्ही खालीच गेलात म्हणून. पुढं उभी नोकरी मी मुलांना कविता शिकवल्या. त्या दगडावर मला एक ओळ लिहिता आली नाही.

वर मुरूम, मग भोकाभोकांचा मऊ थर, त्याखाली ठणठणीत काळा. सर पडद्यावर दाखवतात ते सगळं तुम्ही काठावरच्या पोराला आवाजानं शिकवलं होतंत. तिला हवाय तो माणूस तिचाच आजा आहे, एवढं एक वाक्य. दिवाळी गेली, होळी गेली. सोमवारी तिला प्रकल्प द्यायचाय, आणि मी तिला फोन करायचा सोडून तुम्हाला लिहीत बसलोय.

दाराची कडी वाजतेय.

आज गुरुवार, तिची शाळा आहे. पण आवाज तिचाच. "बाबा, उघडा की! रजा टाकून तुमच्या गावी गेले होते." खिडकीतून दिसतेय, चपला मुरमानं माखल्यात, हातात वही. "तिथला एक म्हातारा तुमचं नाव ऐकून मला विहिरीवर घेऊन गेला. काय म्हणाला माहितीय?"

दगड मी कधी टाकला नाही, आबा. कुणाला दाखवलाही नाही. आज कपाटातल्या कपड्यांखालून काढला आणि सकाळपासून हे कागद त्याच्याखाली दाबून लिहितोय. आता तो घेऊन दाराशी जातो. मला भीती वाटतेय. पंखा चालू आहे, दगड उचलला की कागद उडतील. उडू देत.