भाड्याच्या होड्यांचा दिवाबत्ती कर

१४ ऑक्टोबर

आज पुन्हा नाही म्हणाले! बायको ग्रामपंचायत सदस्य, दिवाबत्ती समितीची अध्यक्ष, आणि घरचाच माणूस म्हणतो, "मी कर देणार न्हाई." तोंडानं त्यांचं नाव घेत नाही मी, पण इथं कोण ऐकतंय. बजरंगराव. बजरंगराव. हट्टी माणूस.

सगळं लिहून काढते म्हणजे डोकं शांत होईल. धरणाच्या पाण्यात जुन्या गावाचं महादेवाचं देऊळ बुडालेलं. कळस पाण्याच्या जरासा खाली. दिसत नाही, लागतो मात्र. पावसाळ्यात वैजनाथची होडी त्यावर फुटली. दुधाचे कॅन तळाला, वैजनाथ बोंबलत काठाला. म्हणून मी भांडभांडून दसऱ्याला कळसाशेजारी खांब उभा करून घेतला, वर सौर दिवा. आता खांबाला रंग, दिव्याला बॅटरी, काच पुसायला माणूस — हे कोण बघणार? ठराव झाला: भाडं घेणाऱ्या होड्यांनी कर द्यायचा. ह्यांचीही होडी त्यातच आली. घरच्यापुरते मासे धरणाऱ्याला माफ. इतकं सरळ आहे.

१७ ऑक्टोबर

वैजनाथकडं गेले होते. म्हणतो, "वैनी, देतो की. पण आधी घरचा घ्या. तुमच्या मालकानं दिला की आम्ही सगळे देतो." बाकीच्या होडीवाल्यांचंही हेच पालुपद.

सरपंच हणमंतराव टपूनच बसलेत. "ग्रामसभेपर्यंत कर जमला न्हाई तर दिवा काढून माझ्या फाटकावर लावतो. तिथं माणसांची ये-जा तरी हाय." माणसं म्हणजे त्यांचे दोन जावई!

दिवा गेला तर पुढची होडी कुणाची फुटेल? आमचीच. अंधारातली शेवटची खेप रोज हेच आणतात. मला त्याचीच धास्ती, आणि ह्यांना त्याचं काहीच नाही.

२५ ऑक्टोबर

नवीन थेर. काळा गॉगल! तोही दिवेलागणीला. "मी दिव्याकडं बघतच न्हाई. जे वापरत न्हाई त्याचा कर कशाचा?" अख्खा घाट हसून राहिला. खरं सांगते, गॉगलात जरा बरेही दिसतात. पण ते त्यांना सांगणार नाही.

होडी मात्र सरळ घाटाला लावली. कशी लावतात देव जाणे.

२६ ऑक्टोबर

एकाच माणसापुरता दिवा बंद करता येतो का, हे वायरमनला विचारलं. त्यानं पक्कड पिशवीत टाकली आणि निघूनच गेला.

२ नोव्हेंबर

काल लई भांडलो. आज रुसलेत. सकाळी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, खुंटीवरच्या रेनकोटाला म्हणाले, "चहा दे." मी इकडं गॅसजवळ उभी! असा अपमान बापजन्मात झाला नव्हता. मग मीही कप रेनकोटाखालच्या फळीवर आपटला. चाचपडत उचलला आणि प्याले. नाटकी कुठले.

वर विचारतात काय, "गिरणी चालू हाय न्हवं आज?" दळण माझं, चौकशी ह्यांची! घाटावरच्या त्या पिठाच्या गिरणीची काळजी रोज संध्याकाळी. बायकोची नाही.

९ नोव्हेंबर

ग्रामसभा. कर न देणाऱ्यांची नावं मीच वाचायची होती. वैजनाथ वाचला, बाकीचे वाचले, ह्यांच्या नावाशी येऊन अडले. झालं, बायकांनी गिल्ला केला — "उखाणा घ्या, उखाणा!" सरकारी कामात उखाणा! घेतला:

पाण्यात उभा खांब, खांबावर दिवा,
बजरंगरावांचं नाव घेते, कर आधी ठेवा.

टाळ्याच टाळ्या. हेसुद्धा हसले. पण कर? होडीवाले ह्यांच्याकडं बघतायत, हे गॉगलातून पत्र्याकडं. हणमंतरावांनी लगेच निकाल दिला, "बुधवारी दिवा उतरवायचा."

घरी येऊन भिंतीला टेकून रडले. हे दारातून विचारतात, "कोण रडतंय?" काय बोलावं अशा माणसाला.

११ नोव्हेंबर

काय झालं आज! फाटकावर दिवा बसवायला पट्ट्या घ्यायच्या म्हणून हणमंतराव कंधारला गेले, आणि येताना पलीकडच्या काठाला बसले आमच्याच होडीत. तिन्हीसांजेला गावातली वीज गेली. घरं अंधारात, गिरणी गप्प. पाण्यात एकटा माझा दिवा लख्ख. आणि हे सरळ जाऊन त्याच्यावर! घाटावरून मी वैजनाथच्या नावानं ओरडले.

वैजनाथनं होडी घातली. हे पोहत होते. हणमंतराव खांबाला मिठी मारून बसलेले, टोपी वर दिव्याला अडकलेली, त्यामुळं अर्धं तळं पांढरं आणि अर्धं काळं. सोडा म्हणलं तरी खांब सोडेनात. काठाला लागल्यावर पहिलं वाक्य, "दिवा तिथंच राहील." होडीवाल्यांनी जागेवर कर काढून दिला.

एकटे हे तेवढे बाकी. घोंगडं पांघरून कुडकुडत बसले होते. म्हणाले, "गिरणी का बंद पडली गं?"

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, तो गॉगल द्या इकडं, पाण्यात फेकते. त्यांनी तो शर्टाच्या बटणाच्या खिशातून काढून दिला. बटण लावलेलंच होतं. म्हणजे डोळ्यावर नव्हताच.

गॉगल मी फेकला नाही. उद्या सकाळच्या गाडीनं ह्यांना उदगीरला नेते.

१२ नोव्हेंबर, उदगीर

डोळ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून दिसत नाही? "पोळ्यापासून." पोळ्याला ह्यांनी शेजाऱ्याचाच बैल सजवला होता. मला वाटलं, मन मोठं आहे. दिवा तर दसऱ्याला बसला. म्हणजे माझा दिवा ह्यांनी एकदाही बघितलेला नाही! गिरणीच्या आवाजावर होडी आणत होते.

"सांगितलं असतं तर होडीत कोण बसलं असतं, महानंदा?"

आधी लई चिडले, मग हसले, मग रडले. कोण रडतंय म्हणून ह्या वेळी विचारलं नाही. चाचपडत माझा हात धरला.

ऑपरेशन गुरुवारी. तोवर ह्यांना दिवाबत्ती कर माफ.