नसलेल्या दाराची कडी

ता. ३ मार्च

चि. खिट्टी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रयोग होऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी आत्ता कागद पुढे घेतोय. उशिराबद्दल माफ कर. आधी दोनदा बसलो होतो, पण रागाने पेन कागदातच घुसलं. तुझी आई म्हणाली, आधी शांत व्हा, मग लिहा. शांत काही झालो नाही, पेन मात्र नवीन आणलंय.

तू पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीस. तुझ्या दादाने मला इस्त्रीचा सदरा घालायला लावला. तिसरी घंटा झाली, अंधार झाला, दिवे आले, आणि बघतो तर रंगमंच मोकळा! एक खुर्ची. ना भिंत, ना खिडकी, ना दार. अडतीस वर्षं नाटकांचं नेपथ्य ठोकलंय मी. सेटचा टेम्पो वाटेत बंद पडला की कंपनीची काय गत होते ते मला विचार. वाटलं, पोरीने पहिल्यांदाच नाटक बसवलं आणि तिच्याच नशिबी हे! तसाच उठलो आणि तडक विंगेत शिरलो. दिवेवाल्याला म्हटलं, टेम्पो कुठे अडकलाय सांग, नाहीतर करवत-हातोडी दे, मध्यंतरापर्यंत निदान एक दार उभं करून देतो. तर तो दात काढून म्हणतो कसा, आजोबा, सेट हाच आहे! रंगभूषा करणारी बाई तोंडात रुमाल कोंबून हसत होती. मी परत येऊन खुर्चीत बसलो, तर मागून कोणीतरी टाळी वाजवली. मला नाटकातलाच समजला शहाणा!

बरं, दार नाही तर नाही. मग दाराचं नाटक करायचंच कशाला? तुझी नायिका घर सोडून जाते, दोन वर्षांनी परत येते, दार वाजवते, आणि आतून बाप उघडत नाही. सगळा खेळ त्या दारावर, आणि दारच गायब! विहीर नाही आणि रहाट फिरतोय. त्यातून पहिल्या अंकात ते दार आतल्या बाजूला उघडलं आणि दुसऱ्या अंकात बाहेरच्या. कडी एकदा खांद्याशी, एकदा कमरेशी. तुझा तो बाप झालेला नट तर सरळ भिंतीतून चालत गेला. मी कपाळावर हात मारला, तो शेजारच्या बाईंना ऐकू गेला.

मी तुला न भेटता निघालो ते मुद्दामच. आईचं बरं आहे. गुडघे तिचे दुखतात, तक्रार मी करतो. माया आहेच, सध्या रागाखाली दबलीय एवढंच.

तुझा,
बाबा

---

ता. ७ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर खिट्टी लिहू नका, किती वेळा सांगितलंय? पत्र तालमीच्या जागी आलं आणि आता सगळा संच मला त्याच नावाने हाक मारतोय. दिग्दर्शकाचा काही मान असतो.

राग मलाही येतो, बाबा. तुमच्याच वळणावर गेलेय. आम्ही कुठे कुठे प्रयोग करतो, तुम्हाला ठाऊक आहे का? कधी शाळेचा वर्ग, बाक मागे सरकवून. तिथे सेट शिरणार कसा? आणि मला दार नकोच होतं. बघणाऱ्याला ज्याच्या त्याच्या घरचं दार दिसावं, असं वाटत होतं. प्रयोग संपल्यावर सगळे आत येऊन भेटले. जिच्यावर मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती, ती एकच खुर्ची रिकामी.

पण एक गोष्ट लपवत नाही. तो प्रयोग स्पर्धेतला होता, आणि परीक्षकांनी तीन ओळींत लिहिलंय की शेवटचा प्रवेश पोचत नाही. चोवीस तारखेला अंतिम फेरी आहे. तिथे पडलो तर हा संच मोडला. दोघांना बाहेरगावी नोकऱ्या लागल्यात, माझ्या हट्टापायी थांबलेत. काय चुकतंय ते मला कळत नाहीये. तुमच्या रागात काही उपयोगाचं असेल तर लिहा. नुसता राग असेल तर तोही पाठवा, इथे खपेल.

आईला सांगा, जेवते वेळेवर. खोटं आहे, पण सांगा.

तुमचीच,
(नाव पाकिटावर तुम्ही जाहीर केलंच आहे)

---

ता. १० मार्च

चि. खिट्टी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

परीक्षकांना तीन ओळी लागल्या, मी एका ओळीत सांगतो. दाराला वजन नाही.

तुझी नायिका दार वाजवते तेव्हा हात हवेत पुढेच जातो. अगं, लाकूड हाताला थांबवतं! बोटांची हाडं जराशी दुखतात. ती माशी हाकलल्यासारखं करते. तालमीत खडूने उंबरठा आखून घे. बिजागऱ्या डावीकडे, दार आत उघडतं, कडी छातीच्या खाली एक वीत. एकदा ठरलं की ठरलं, मग परीक्षक येवो नाहीतर भूकंप. आणि तो बाप! तो कडी काढत नाही, म्हणजे खुर्चीत बसून छताकडे बघतो. हा बाप आहे की गाठोडं?

मी इथे खोलीत नसलेलं दार वीस वेळा उघडून पाहिलं. शेजारीण कपडे वाळत घालता घालता बघत होती. आईला येऊन विचारून गेली, यांची तब्येत बरी आहे ना? आई म्हणाली, पहिल्यापासून असेच आहेत.

मी येणार नाही. खुर्ची ठेवू नकोस. पाचवी शिकलेल्या सुताराचं कोण ऐकतं? तरी ऐकलंस तर बरं वाटेल.

तुझा,
बाबा

---

ता. १३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तालमीत मोठ्याने वाचलं. बापाचं काम करणारा नट भडकला. म्हणाला, आता सुतारांनी अभिनय शिकवायचा का? गाठोडं त्याला फारच लागलं. पण खडूने उंबरठा आखला आणि तिसऱ्या खेपेला नायिकेचा हात हवेत असा थांबला की दिवेवाला शिडीवरच काम सोडून बघत राहिला. तोच, दात काढणारा.

आता अडलंय ते आतल्या बाजूला. नट मला विचारतो, बाप आत नेमकं काय करतो? मी त्याला खुर्चीत बसवलं, कारण मला माहीत नाही, बाबा. मी बाहेर होते.

नाटकात मी दोन वर्षं लिहिली, खरे तेरा महिने होते. दुपारचे चार वाजले होते, हातात बॅग होती, आई मावशीकडे गेली होती. दाराखालच्या फटीत तुमची पावलं दिसत होती. मी दार वाजवलं, थांबले, आणि दादाकडे निघून गेले. पुढे येणं-जाणं सुरू झालं, सगळं बोललो आपण, हे सोडून. आत काय करत होता तुम्ही? नाटकासाठी विचारतेय असं समजा.

तुमची,
खिट्टी

---

ता. १६ मार्च

चि. खिट्टी हिस,
आशीर्वाद. वि. वि.

ती दुपार तू नाटकात घातलीयेस हे मला नायिकेने दार वाजवताच कळलं होतं. भरल्या प्रेक्षागृहात, बापाला पहिल्या रांगेत बसवून! कोणी ओळखलं नसेल, मी तर ओळखलं ना? तुला न भेटता निघालो ते काही नेपथ्यासाठी नव्हे.

आता लिहून घे. बाप बसत नाही. तू जिन्यात असतानाच त्याने पावलं ओळखलेली असतात. तो दाराशी येतो. डावा तळवा दारावर, उजवा हात कडीवर. श्वास धरून. बाहेर वाजतं तेव्हा त्याच्या तळव्याला ते लागतं. कडी घामाने ओली होते. आणि ती त्याने अर्धी सरकवलेली असते. अर्धी. नटाला नीट सांग.

पुरी का नाही सरकवत? कारण जाताना मी म्हणालो होतो, नाटकात गेलीस तर हे दार उघडणार नाही. पहिल्याच ठोक्याला उघडलं तर बापाच्या शब्दाचं काय राहिलं? म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, दुसऱ्यांदा वाजलं की उघडायचं. मी उभा. तू वाजवतच नाहीस! अगं, दुसऱ्यांदा का नाही वाजवलंस? कोण एकदा वाजवून जातं? पोस्टमन तीनदा वाजवतो, दूधवाला दार फोडतो, आणि पोटची पोर एकदा वाजवून चालती होते? दार उघडलं तेव्हा जिना रिकामा होता. हे आईलाही सांगितलेलं नाही. दोष माझाच, पण रागही माझाच, तो मी सोडणार नाही.

हे नाटकात घे, नाहीतर फाडून टाक. दिग्दर्शक तू आहेस.

चोवीस तारखेला येतो म्हणतो. पहिली रांग नको, विंगेत एका कडेला उभा राहीन. तिथे चालेल का, तुझा तो नट हाकलणार तर नाही ना, गाडीला उशीर झाला तर काय करू, हे सगळं मला कळायला हवं. दोन ओळी पुरेत. लगेच लिही, पोरी, मला थांबणं जमत नाही.

तुझा,
बाबा