कडा पिवळी होईपर्यंत

सोमवार, ३ मार्च

झालं! मोठ्या गिऱ्हाइकाचे तपासनीस साहेब शुक्रवारी येणार. "लोखंडाची प्लेट कोण कापतं ते समोर उभं राहून बघायचंय," म्हणे. ह्यांनी फोनवरच ठोकून दिलं — "या की, मीच कापतो!"

वर्षभर ह्यांचा हात थरथरतोय. वर्षभर मागच्या खोलीत लोखंड कापायची गॅसची टॉर्च मी धरतेय आणि पुढे गिऱ्हाइकांशी हे बोलतात. कुणाला पत्ता नाही. पण हे गिऱ्हाईक गेलं तर वर्कशॉपचं शटर कायमचं ओढायचं. दुसरं मोठं काम आहेच कुठे?

मंगळवार, ४ मार्च

ह्यांचा सराव. पंचवीस एमएमची प्लेट. वरची कडा मेणासारखी वितळली, खाली लोखंडाचे थेंब लोंबकळताहेत. मी म्हटलं, "रेंगाळताय. जरा भरभर सरका." — "मला शिकवतेस?"

खरंय, मला शिकवलं ह्यांनीच. कडा पिवळी होईपर्यंत ऑक्सिजनचा झोत सोडणाऱ्या लिव्हरला हात लावायचा नाही. ठिणग्या सरळ खाली पडल्या पाहिजेत. आवाज कापड फाडल्यासारखा, एकसारखा. आता गुरुजींनाच त्यांचा धडा कोण म्हणून दाखवणार!

गुरुवार, ६ मार्च

हात टेकायला लोखंडी पट्टी लावून दिली. ह्यांनी लाथेने उडवली! "आधार म्हाताऱ्यांना लागतो." राग येतो, कीवही येते. कीव आलेली ह्यांना कळली तर संपलंच.

शुक्रवार, ७ मार्च

साहेब दोन पावलांवर उभे. ह्यांनी ज्योत पेटवली, निळी टोकदार केली — तिथवर सगळं झकास. मग हात थरथरायला लागला. साहेबांच्या लक्षात यायच्या आत उरकावं असं वाटलं असेल. कडा नुसती लाल होती आणि ह्यांनी लिव्हर दाबली. ठिणग्या उलट्या वर! प्लेट अर्धीच चिरली.

साहेबांनी बाजूची जुनी प्लेट उचलली, कडेवरून अंगठा फिरवला.

"मग ही कुणी कापली?"

"मीच," हे म्हणाले. मान खाली.

मला काय झालं कुणास ठाऊक. ह्यांच्या हातातून टॉर्च घेतली. ज्योत कडेवर धरून थांबले. लाल, नारिंगी... साहेबांची चुळबुळ चालली होती, मी हलले नाही. पिवळी झाली तेव्हाच दाबलं. तुकडा दणकन खाली पडला. साहेबांनी कडेवर हातोडी टेकवून पाहिली, ठोकून काढायला लोखंडाचा एक थेंबही नव्हता. "काम तुमचं, बाई," म्हणाले.

मागे वळले तर हे निघून गेलेले. काम वाचवलं मी, पण परक्या माणसासमोर ह्यांना खोटं पाडलं.

शनिवार, ८ मार्च

हे ताटावरून तसेच उठले.

सोमवार, १० मार्च

सकाळी मागच्या खोलीत गेले. कापताना लागणारा ह्यांचा गॉगल मला सैल होतो, म्हणून मी पट्ट्याला गाठ मारून घालायचे. आज गाठ नव्हती. पट्टा माझ्या डोक्याच्या मापाने कापून, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवून ठेवलेला. आता तो ह्यांना बसायचा नाही.