ताईची लाइन गेली

धरमपेठ, नागपूर
दिवाळीआधीचा रविवार

प्रिय चंपतदादा,

मी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात होते तेव्हा तू काटोलहून सकाळच्या बसने यायचास आणि भेटीची वेळ झालेली नसली की भिंतीपलीकडूनच ओरडायचास, "गोपे, जेवली काय वं?" मी वरच्या खिडकीतून "हो" म्हणायचे. एवढंच बोलणं. मग संत्र्यांची पिशवी भिंतीवर ठेवून तू परत. (सिस्टर विचारायच्या, हे गृहस्थ नेहमी जेवणाचंच का विचारतात.) आज फोनपाशी बसले असताना ते आठवलं.

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही दोघं बरे आहोत.

लिहायचं कारण तुझा फोन. त्या दिवसापासून तो आलेला नाही, तेव्हा बिघडला असणार हे उघड आहे. (तू रागावला आहेस हे मला ठाऊक नाही, असं मी धरून चालले आहे.) आधी चोंगा उचल. एक्स्चेंजमधली बाई बोलली तर लाइन जिवंत. काहीच ऐकू आलं नाही तर खांबापासून भिंतीवरच्या डबीपर्यंत वायर नजरेने तपासत जा. आमच्याकडे एकदा खारीने कुरतडली होती. वायर धड असेल तर शेजारच्या फोनवरून आपलाच नंबर माग. इतकं करूनही कळलं नाही तरच तक्रार लिहव. आणि एका वेळी एकाच गोष्टीला हात लाव. ह्यांनी मागे सगळंच एकदम उघडलं होतं, त्यातला उरलेला स्क्रू अजून देवघरात आहे.

मात्र काही झालं तरी निरोप ट्रकबरोबर पाठवू नये. आमचा फोन मुका झाला तेव्हा तू घाबरशील म्हणून, तुझी संत्री घेऊन वाडीच्या गोदामात येणाऱ्या नत्थूजींना मी सांगितलं, दादाला म्हणावं, ताईची लाइन गेली, काळजी करू नका. नत्थूजींनी ते बाजारात सांगितलं, बाजाराने तुझ्या गड्याला, आणि तुझ्यापर्यंत येईतो 'लाइन' वाटेत कुठेतरी गळून पडली. उरलं ते, ताई गेली, काळजी करू नका. (इतकं सांगूनही तू काळजी केलीस.)

दुकानदाराला उठवून माहेरचं शेवटचं लुगडं घेतलंस, हिरवं, रुंद काठाचं. चार माणसं जमवलीस आणि माझ्या फाटकात येऊन रडायला लागलास. दार मी उघडलं, हातात लाटणं. तू बघतच राहिलास आणि दुसरं काही सुचेना म्हणून विचारलंस, "गोपे, जेवली काय वं?"

पोहे पुढे ठेवते न ठेवते तोच कुंपणापलीकडून प्रयागबाई म्हणाल्या, "दादाजी, मयतीले आले अन् पोहे खाऊन राहिले काय जी?" सगळा शेजार हसला. तू बशी खाली ठेवलीस आणि लुगडं तिथंच विसरून निघून गेलास.

लोकांना हसू दे. मी ते लुगडं उलगडून पाहिलं. इतकं चांगलं तू मला लग्नातही घेतलं नव्हतंस.

भाऊबीज जवळ आली आहे. फोन सुरू झाला की एक हाक मार.

तुझी,
गोपिका

ता. क. : आमचा फोन तू परत गेलास त्याच संध्याकाळी आपोआप सुरू झाला होता. म्हणजे मी त्याच्यावरचं नवं क्रोशाचं झाकण धुवायला काढलं होतं. आज खळ घालून, इस्त्री करून परत चढवलं आणि फोन पुन्हा मुका. झालर चोंग्याखाली अडकते, चोंगा नीट बसत नाही आणि एक्स्चेंजला वाटतं आपण बोलतोच आहोत. तेव्हा लाइन गेलीच नव्हती. याच्या जोडीचं झाकण मी निरोपाच्या त्याच फेरीत नत्थूजींबरोबर वहिनीला पाठवलं होतं. वर लिहिलेलं काहीही करण्याआधी तुमच्या फोनवरचं ते काढ.

आणखी एक : काढलेलं झाकण वहिनीने लोणच्याच्या बरणीवर घालावं. लुगड्याबरोबर तू आणलेल्या नारळाच्या वड्या केल्या आहेत. अर्धा डबा नत्थूजींना, अर्धा त्या चौघांना (बिचारे उपाशी परतले). प्रयागबाईंना काही नाही. बरं, दोन वड्या. त्या म्हणतात, "असलं लुगडं घरात ठेवू नये वं, कोणाले तरी देऊन टाक." ते कोणालाही द्यायचं नाही. भाऊबीजेला मी तेच नेसणार आहे, तू दुसरं आणू नकोस. आणि फोन लागला नाही तर राहू दे, फाटकातून विचार.