तूरडाळीच्या पिशवीतली चिंच

९ जाने. ९६, सांगली
आबा म्हणायचे, “कागद फाडू नगं, त्याला आजून एक काम हाय.” गिरणीच्या सुट्टीत मुंबईहून आले की खाऊचा पुडा सोडताना. दोरा करंगळीला गुंडाळायचे, कागद मांडीवर सपाट करायचे. आज ग्राहक भांडारातून महिन्याचं सामान आणलं. ना दोरा, ना कागद. डाळ, पोहे, शेंगदाणे, सगळं जाड चकचकीत पिशव्यांत, वर छापलेलं. साताऱ्याचा वाणी पुडे बांधून द्यायचा. यांची बदली झाली आणि पुडे तिकडंच राहिले.
रिकाम्या पिशव्या धुऊन गॅलरीत दोरीला लावल्या. ऊन आरपार जात होतं. बघत उभी राहिले, भात लागला.

२७ जाने.
धुतलेल्या पिशव्या घेऊन भांडारात गेले. म्हटलं, यातच पुन्हा भरून द्या. काउंटरवरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “ताई, इथनं माल न्यायचा असतो, आणायचा नसतो.” मागच्या बायका हसल्या. मीही हसले. सुटी डाळ द्या म्हटलं, तर सुटी येतच नाही म्हणे. शेवटी डाळ घेतली. पिशवीतलीच.

११ फेब्रु.
भंगारवाला आला. दुधाच्या पिशव्या बोटांनी चोळून घेतल्या. भांडारातल्या बाजूला काढल्या. ह्या चुरचुरतात, वरनं छापलेल्या, पुढं कुणी घेत न्हाई म्हणाला. मग टाकू कुठं, विचारलं तर कोपऱ्यावरच्या उकिरड्याकडं मान केली. तो रोज दुपारी पेटवतात. वास स्वैपाकघरापर्यंत येतो.
पुन्हा धुतल्या. कशाला, माहीत नाही.

२० फेब्रु.
स्वप्न. गॅलरीतल्या दोरीवरून पिशव्या सुटल्या, आणि एकेक करत कृष्णेवरून वर वर. आत डाळ नाही, उजेड भरलेला. मी खालून नावं वाचत होते, मूगडाळ, रवा, साबुदाणा. ओळखीची माणसं गावाला निघाल्यासारखं वाटलं. सकाळी ह्यांना सांगितलं. चहाचा घोट घेऊन म्हणाले, “आपण डाळ खायला पिशव्या आणतो का पिशव्या जमवायला डाळ?”
लिहायला घेतलेली गोष्ट अर्धीच पडली आहे टेबलावर. मन लागत नाही.

१० मार्च
अक्का आली माणहून. दाजी गेल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडं. बारीक झाली आहे. दाजींचं बोलणं निघालं की हातातलं काम जोरात करते. विहाराच्या भिंतीचे दगड दाजींनी स्वतः रचले होते, पण पुढच्या अंगणात सावली करायची राहिली. बुद्धपौर्णिमेला बायका पदर ओढून भर उन्हात बसतात. दाजी शेवटी शेवटी तेच बोलायचे. आता अक्काने मनावर घेतलं आहे. चिंचोके साठवलेत. रोपं करायला पिशव्या मात्र नाहीत, फाटक्या डब्यांत लावणार होती.
मी कपाट उघडलं. ती बघतच राहिली.
“लय धुतल्यास गं शालू. पोरास्नीबी कुणी एवढं धूत न्हाई.”
दाभणानं प्रत्येकीच्या बुडाला भोकं कशी पाडायची ते तिनं दाखवलं. दोघी संध्याकाळपर्यंत भोकं पाडत बसलो. कपाट रिकामं. खूप हलकं, म्हणजे अगदी लहानपणासारखं…

२ मे
अक्काचं कार्ड. चिंच उगवली. “दोन पानं जोडलेली, नमस्कार केल्यावानी.” तिनं असं लिहावं! दुपारभर तेच डोक्यात. डोळे मिटले की अंगणात सावली दिसते, तिच्यात बायका, मध्ये आई पण. आई तर विहार बांधायच्या आधीच गेली.

२८ जुलै
अक्काचं कार्ड. रोपं लावली. दाराजवळचं एक तिनं दाजींच्या नावानं लावलं. पाणी घरून कळशीनं नेते. टँकर आला तर. ह्यांना कार्ड वाचून दाखवलं. ह्यांनीच भांडारातून आणलेली पोह्याची पिशवी कडेनं नीट कापून धुवायला ठेवली.

१५ ऑक्टो.
तापात पडून. अर्धवट झोपेत विहाराचं अंगण. पायाखाली गार. वर पानं इतकी बारीक की ऊन चाळून पडतं. कुणीतरी म्हणतं, सरका, अजून दोघी येतायत. मी सरकते, सरकते. सावली संपतच नाही.

१९ जाने. ९७, माण
काल आले. विट्याला गाडी बदलली. उतरल्यावर तडक विहाराकडं. रोपं गुडघ्याएवढीही नाहीत. काही वाळून काड्या झालेली. अक्का म्हणाली, दुष्काळी माती, दम धरावा लागतो.
सकाळी एका शेळीनं अंग घासलं आणि एक रोप कलंडलं. उचलायला गेले तर अख्खं हातात आलं. पिशवीसकट. पिशवी काढलेलीच नव्हती. आत मुळांनी गोल गोल वेटोळे घातलेले, बाहेर जायला वाट नाही म्हणून स्वतःभोवतीच. बाहेरून माती पुसली तर छापलेलं स्वच्छ वाचता आलं. तूरडाळ, अर्धा किलो.
मी तिथंच बसले.
अक्काला विचारलं, पिशवी काढली नाहीस?
“काढून कसं चालंल? कळशीभर पानी घालायचं आन् मुरमात जायचं. पिशवीत हाय तर मुळापशी तरी ऱ्हातंय.”
तिचं चूक कसं म्हणू? इथं पाणी सांडू न देणं हेच आम्ही पहिलं शिकलो. भोकं पाडायला मी होते, लावताना काढून टाक एवढं सांगायला नव्हते. आणि मला तरी सुचलं असतं का कोण जाणे. पिशवीला काम मिळालं यातच मी खूश.

२० जाने., माण
सगळी उकरू, पिशव्या कापू, पुन्हा लावू, असं बोलले. अक्का भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही. मेलेली उपटते म्हणाली. कलंडलेल्याची पिशवी काढ, ते लावू पुन्हा. बाकीच्यांना बघू म्हणाली. मग आम्ही दाराजवळच्या चिंचेपाशी गेलो. सगळ्यांत तीच हिरवी. टोकाला तांबूस कोवळी पालवी आलेली, माझ्या नखाएवढी पानं.
“जित्याला हात लावायचा न्हाई,” अक्का म्हणाली. “ह्येंचं हाय ते.”
मी म्हटलं, आतून आवळलं जातंय ते.
“मग माणसं आवळून जगत न्हाईत व्हय?”
दोघींनी मिळून कलंडलेलं रोप तेवढं लावलं. मुळं हातानं सोडवली. केस सोडवतात तशी.

२ फेब्रु., सांगली
गॅलरीची दोरी रिकामी. पिशव्या आता न धुता एका पोत्यात टाकते. पोतं भरत चाललंय, त्याचं काय करणार, माहीत नाही.
पहाटे चिंचेचं स्वप्न. मोठी झालेली, सावली विहारापलीकडं गेलेली. बायका बसलेल्या. झाडाच्या बुडाशी मात्र काहीतरी चुरचुरत होतं, आणि ते फक्त मला ऐकू येत होतं. वारा आला की सगळ्या वर बघायच्या, मी खाली.
झाड एक-दोन वर्षं हिरवं राहीलही. मग एखाद्या वाऱ्यात… आणि अक्का तेव्हा दाजी दुसऱ्यांदा गेले म्हणून रडेल, ते मला आत्ताच दिसतंय. उकरताना मूळ तुटलं, तरी तेच. तिची भीती खोटी नाही.
हे म्हणाले, तिला नको असेल तर सोड. सोडायचा प्रयत्न केला आठवडाभर.
कार्ड घेतलं आहे. तिचं उत्तर ओळखीचं आहे, एका ओळीचं येईल, नाहीतर येणारच नाही. तरी लिहिते आहे.
अक्का, पाऊस लागला की मी येते. दाराजवळच्या चिंचेची माती मला एकदा, माझ्या हातानं, उकरू दे.