सत्तेचाळीस माणसांचं एकच अक्षर

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचं ऐकायचं मशीन सापडलं, की ते न सापडण्यातच त्यांना सुख आहे?

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला हात धजत नाही. लेक सासरी गेल्यापासून वरची खोली रिकामी होती, ती तीन महिन्यांपूर्वी एका संशोधक मुलीला दिली. शाश्वत पर्यटनाचा स्थानिक समुदायावर होणारा परिणाम, हा तिच्या पीएचडीचा विषय. स्थानिक समुदाय म्हणजे आपणच गं! साठ वर्षं या तळ्याकाठी राहतेय, पण मी समुदाय आहे हे मला मेलीला कुणी सांगितलंच नव्हतं. आल्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, पर्यटकांमुळे तुम्हाला पाणी कमी पडतं का?" आणि उत्तर न ऐकताच आंघोळीला गेली ती तासाभरानं बाहेर आली. पण पोर लाघवी. मी भाजी निवडायला बसले की शेजारी बसते आणि देठांसकट सगळं वहीत टिपते.

तर तिनं घरोघरी फॉर्म वाटले. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे अतिशय समाधानी, आणि खाली कारण लिहायचं. ज्यानं त्यानं स्वतः भरायचा. आता आपल्या गावची रीत तुला ठाऊक आहे. अर्ज असो, लग्नपत्रिकेवरचा पत्ता असो, लिहायचं म्हटलं की माणसं माझ्या ओट्यावर. ती तळ्यावर पर्यटक मोजायला गेली आणि सगळा समुदाय फॉर्म घेऊन माझ्याकडे हजर! होडीवाला तावातावानं म्हणाला, "लिहा काकू, या लोकांनी तळ्याची पार कचराकुंडी केलीय!" मी म्हटलं, "अरे, पाहुणी पोर आहे, तिला वाईट वाटेल." त्यानं डोकं खाजवलं. "मग द्या पाच." शिंपीण तर विचारत होती, सहा नाहीत का? मी समास सोडून, निळ्या शाईनं, पूर्ण वाक्यांत सत्तेचाळीस फॉर्म भरले. (शाळेत सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या, आठवतं? तेव्हा त्यांचा राग यायचा. आता त्या पट्टीच्या आठवणीनंही डोळे भरून येतात; वय झालं, दुसरं काय.)

परवा तिच्या पीएचडीच्या गाइडांचा फोन आला. सत्तेचाळीस माणसं, एकच अक्षर, सगळी अतिशय समाधानी, आणि एकाचाही स्वल्पविराम चुकलेला नाही! फॉर्म तिनं घरी बसून स्वतःच भरले असं त्यांचं म्हणणं. समाधानकारक खुलासा आला नाही, तर तीन वर्षांचं काम केराच्या टोपलीत. मी फोन हिसकावून सांगितलं की अक्षर माझं आहे. तर म्हणतात, "आजी, तुम्ही पुराव्यात ढवळाढवळ केलीत." ढवळाढवळ! मी शुद्धलेखन तपासलं फक्त. पोर मात्र मला एका शब्दानं बोलली नाही. रडून सुजलेल्या डोळ्यांनी एवढंच म्हणाली, "आजी, मी तुम्हाला समुदाय समजत होते. तुम्ही तर अख्खी कचेरी निघालात."

त्या दिवसापासून घास उतरत नाही गं.

तुझी धाकटी

ता. क. सोबत सत्तेचाळीस कोरे फॉर्म आहेत. तू, दोन्ही सुना आणि नातवंडं मिळून वेगवेगळ्या अक्षरांत भरून ताबडतोब पाठवा. अधूनमधून दोन, तीन घाला. भाऊजींच्या अक्षरातले दहा तरी हवेत. ते कुणालाच वाचता येणार नाहीत.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार, इतक्यात पोर जिना उतरून आली. गाइडांना खुलासा पटला, पण सगळे फॉर्म पुन्हा, या खेपेला घरोघरी बसून, तोंडी विचारून. म्हणजे आणखी सहा महिने इथेच. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मला (देव क्षमा करो) हसू आवरत नव्हतं. तेव्हा कोरे फॉर्म काढून घेतलेत. त्याऐवजी तुझ्याकडची जाड रजई पाठव. वरच्या खोलीत हिवाळ्यात वारा शिरतो. गावात निरोप फिरवलाय: या वेळी खरं तेच सांगा, पण दिवसाला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या.